उन्हाळी शिबिराचा व्हिडिओ करताना: आधी पालकांचे प्रश्न, मग कॅमेरा

पालक शिबिराचा व्हिडिओ बघतात तेव्हा त्यांची नजर नेमकी कुठे थांबते, हे एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा. नावनोंदणीच्या टेबलापाशी मी एकदा तशी बसले होते. समोर एक आई मोबाईलवर आमचा तीन मिनिटांचा व्हिडिओ बघत होती. ड्रोनमधून घेतलेलं मैदान, दोरीला धरून चढणारी मुलं, शेकोटी, मागे जोरकस संगीत. हे सगळं तिच्या नजरेखालून नुसतं सरकत होतं. मध्येच तिनं व्हिडिओ थांबवला, बोटानं थोडा मागे नेला आणि पुन्हा बघितला. जेमतेम दोन सेकंदांचं दृश्य होतं ते. एक ताई गुडघे टेकून बसली आहे, पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका छोट्याच्या बुटाची नाडी बांधते आहे आणि बांधता बांधता त्याच्याशी काहीतरी बोलते आहे.

"या ताई यंदा असणार आहेत का?" तिनं विचारलं.

त्या दृश्यासाठी आम्ही काहीही खास केलं नव्हतं, ते जाता जाता टिपलं गेलं होतं. सगळी मेहनत आणि सगळा खर्च झाला होता ड्रोनवर. त्या दिवसापासून माझी व्हिडिओ करायची पद्धत बदलली. आईवडील खेळांची यादी विकत घेत नाहीत, ते आपलं मूल काही दिवसांसाठी अनोळखी माणसांच्या हाती सोपवतात. ती माणसं कशी आहेत हे दाखवणं हेच व्हिडिओचं पहिलं काम. पहिल्यांदाच शिबिराचा व्हिडिओ करणाऱ्यांसाठी ही सगळी वाट मी क्रमानं सांगते.

पायरी १: चौकशीची वही उघडा

कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी गेल्या वर्षीचे फोन, मेसेज आणि चौकशीची वही काढा. वही ठेवली नसेल तर ओळखीच्या आठ-दहा पालकांना फोन करा आणि त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रश्न साधारण असे येतील: रात्री मुलांजवळ कोण झोपतं? किती मुलांमागे एक मोठं माणूस? ताप आला तर? घरी फोन करता येईल का? मोठी मुलं लहानांना त्रास देत नाहीत ना? नाहीच रमला तर काय? स्वच्छतागृहं कशी आहेत? शेवटचा प्रश्न फोनवर अनेकजण संकोचानं विचारतात, आणि व्हिडिओत त्याचं उत्तर बहुतेक कुणीच देत नाही. रिकाम्या, स्वच्छ, उजेडाच्या न्हाणीघराचं चार सेकंदांचं दृश्य द्या. ते बघून किती पालकांचा जीव भांड्यात पडतो हे अनुभवानंच कळतं.

मुलांचे प्रश्न वेगळे असतात. आपल्याशी कुणी बोलेल का? जमलं नाही तर सगळे हसतील का? जबरदस्ती करतील का? फी आईबाबा भरतात, पण तेरा-चौदा वर्षांचं मूल "मला नाही जायचं" म्हणून अडून बसलं की विषय तिथेच संपतो. त्या वयाला लहान मुलांचे फुगे आणि चेहरा रंगवणं दिसलं की हे शिबिर आपल्यासाठी नाही, असं ते मनाशी पक्कं करून टाकतं. त्यामुळे दोन वयोगट असतील तर दोन व्हिडिओ करा.

एकाच व्हिडिओत सगळं कोंबू नका. माझा नेहमीचा संच असा असतो: साठ ते नव्वद सेकंदांचा एक मुख्य व्हिडिओ, एकेका प्रश्नाचं उत्तर देणारे वीस-तीस सेकंदांचे चार-पाच छोटे व्हिडिओ, आणि ज्यांचं जवळजवळ ठरलं आहे अशांसाठी शिबिराचा अख्खा दिवस दाखवणारा तीन-चार मिनिटांचा एक. छोटे व्हिडिओ सगळ्यात उपयोगी पडतात. पालकांनी फोनवर "रात्रीचं कसं असतं?" असं विचारलं की बोलून झाल्यावर तोच व्हिडिओ त्यांना पाठवता येतो.

पायरी २: संमती, आणि ती नीट

ही पायरी घाईत उरकली जाते, म्हणून इथे जरा थांबते.

मुलाचा ओळखू येणारा चेहरा ही त्याची खासगी माहिती आहे. अमेरिकेत ऑनलाइन सेवांनी १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यावर १९९८च्या कायद्यानं बंधनं आहेत. युरोपीय संघात जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८पासून लागू आहे. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 'मूल' धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. तुम्ही जिथे शिबिर घेता तिथला नियम जाणकाराला विचारून घ्या. पण कायदा काहीही म्हणो, पुढच्या गोष्टी करायलाच हव्यात.

संमतीपत्र प्रवेशअर्जापासून वेगळं ठेवा. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ टाकली तर ती संमती होत नाही. चित्रण कुठे वापरणार (तुमचं संकेतस्थळ, यूट्यूब, इन्स्टाग्राम, छापील पत्रक), किती वर्षं वापरणार आणि नंतर मन बदललं तर कुणाला कळवायचं, हे तिन्ही स्पष्ट लिहा. 'नाही'चा चौकोन 'हो'च्या चौकोनाएवढाच ठळक असू द्या, आणि 'नाही' म्हटल्यानं मुलाला कोणत्याही खेळातून वगळलं जाणार नाही हेही लिहा.

मग प्रश्न येतो की चित्रण करणाऱ्याला हे मैदानात कळणार कसं? काही ठिकाणी संमती नसलेल्या मुलांना वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात. मला ते पटत नाही, कारण ते मूल सगळ्यांत उठून दिसतं आणि बाकीची मुलं कारण विचारतात. आम्ही सगळ्याच मुलांना गटाच्या रंगाच्या पट्ट्या देतो. संमती नसलेल्यांच्या पट्टीवर आतल्या बाजूनं एक छोटी खूण असते, आणि त्या मुलांची फोटोसह यादी गटाच्या ताई-दादांकडे असते. चित्रण करणारा आला की ताई-दादाच सांगतात, "या कोपऱ्यातून घे, तिकडून नको."

पालकांनी हो म्हटलं तरी मुलालाही त्या क्षणी विचारा. "नको" म्हणालं की कॅमेरा खाली. पोहणं, कपडे बदलणं, झोपलेली मुलं, आजारी मूल, घरच्या आठवणीनं रडणारं मूल, यांचं चित्रण कधीच करायचं नाही. झोपायची खोली दाखवायची असेल तर रिकामी दाखवा. आणि चेहऱ्याशिवाय खूप काही सांगता येतं हे विसरू नका. त्या आईनं थांबवून बघितलेल्या दृश्यात मुलाची फक्त पाठ होती.

पायरी ३: काय टिपायचं ते कागदावर

प्रश्नांची यादी डाव्या बाजूला लिहा आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याचं उत्तर देणारं एक दृश्य लिहा. 'मुलं हरवत नाहीत ना?' याच्यासमोर हजेरी. 'जमलं नाही तर?' याच्यासमोर गाठ सुटलेली दोरी, पुन्हा घातलेली गाठ आणि शेजारी बसून वाट बघणारा दादा. 'ताप आला तर?' याच्यासमोर उघडी प्रथमोपचार पेटी आणि जबाबदार माणसाची दोन वाक्यं. ज्या प्रश्नासमोर दृश्यच सुचत नाही तिथे व्हिडिओची नाही, शिबिराचीच काही उणीव असू शकते. ती आधी भरून काढा.

मग शिबिराचं वेळापत्रक घ्या आणि ही दृश्यं कोणत्या वेळी मिळतील ते त्यावर खुणा करून ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी पालक निरोप घेतात ती वेळ चुकवू नका, पण लांबून आणि संमती असलेल्या कुटुंबांचंच चित्रण करा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत मुलांची कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायची हौस फिटलेली असते आणि ती आपापल्या नादात असतात. उत्तम दृश्यं मला नेहमी तेव्हाच मिळाली आहेत.

पहिलंच शिबिर असेल आणि हाताशी काहीच चित्रण नसेल, तर विकत मिळणाऱ्या परक्या क्लिप वापरायचा मोह होतो. वापरू नका. त्यातलं तळं तुमच्याकडे नसतं आणि त्यातली मुलंही तुमच्याकडे आलेली नसतात. त्यापेक्षा एक सरावाचा दिवस ठेवा. ओळखीच्या कुटुंबांतल्या दहा-बारा मुलांना, रीतसर संमतीनं, दोन-तीन उपक्रम करायला बोलवा आणि पडद्यावर 'सराव दिवसाचं चित्रण' असं लिहा. जोडीला रिकामी जागा फिरून दाखवा आणि ताई-दादांना बोलतं करा. पहिलं वर्ष आहे हे सांगायला कचरू नका.

पायरी ४: चित्रण

चांगला मोबाईल पुरे. आधी लेन्स मऊ कापडानं पुसा. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतात आणि त्यामुळे सगळं धुरकट येतं.

उभा की आडवा, या वादात वेळ घालवू नका, त्यावर एक तोड आहे. शक्य असेल तर ४केमध्ये आडवं चित्रण करा आणि महत्त्वाचा माणूस चौकटीच्या मधोमध ठेवा. ४केची चौकट ३८४० बाय २१६० पिक्सेलची असते. तिच्या मधून ९:१६ची उभी पट्टी कापली तर ती १२१५ बाय २१६० भरते, आणि रीलसाठी १०८० बाय १९२० पुरतं. म्हणजे एकाच चित्रणातून यूट्यूबचा आडवा आणि रीलचा उभा, दोन्ही व्हिडिओ निघतात. फाइल मात्र जड होते, मोबाईलमध्ये जागा मोकळी करून ठेवा.

भर दुपारच्या उन्हात टोपीची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि मुलं डोळे बारीक करून बघतात. सकाळची आणि सूर्यास्तापूर्वीची वेळ साधा, दुपारी झाडाच्या सावलीत काम करा. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागलं तरी बसा. वरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यात मूल बिचारं दिसतं.

प्रत्येक दृश्य दहा सेकंद हलवू न देता धरा. एकाच गोष्टीची तीन दृश्यं घ्या: लांबून सगळा गट, मधून दोघं-तिघं, जवळून फक्त हात किंवा चेहरा. एडिटिंगला बसलात की या सवयीचा उपयोग कळेल.

आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण बोलणं ऐकू आलं नाही तर व्हिडिओ बंद करतात. कुणी बोलणार असेल तर कॉलर माईक लावा आणि उघड्यावर असाल तर त्यावर केसाळ टोपी घाला, नाहीतर वाऱ्याचा खरखराट सगळं खाऊन टाकतो. माईक नसेल तर दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या जवळ, चौकटीबाहेर ठेवून त्यावर आवाज घ्या. शिवाय नुसता परिसराचा आवाज अर्धा-एक मिनिट वेगळा रेकॉर्ड करा: चेंडूचा ठोका, लांबून येणारा गलका, शेकोटीची तडतड.

मुलांना "कसं वाटलं?" विचारलंत तर "छान" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "पहिल्या दिवशी नको वाटलेली आणि आता आवडायला लागलेली एक गोष्ट सांग." किंवा, "काल संध्याकाळी तुमच्या गटात सगळ्यात जास्त हसू कशाचं आलं?" एका मुलीनं मला सांगितलं होतं, "मला अंधाराची भीती वाटते म्हणून ताईनं माझा पलंग दाराशी दिला, तिथून बाहेरचा दिवा दिसतो." एवढं एक वाक्य तीस सेकंदांच्या व्हिडिओला पुरलं. असली वाक्यं पढवून येत नाहीत. पाठ करून घेतलेली वाक्यं पालक लगेच ओळखतात, म्हणून मुलांच्या तोंडी शब्द घालू नका.

ताई-दादांनाही कागद वाचायला लावू नका. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून पालकाच्या भूमिकेतून त्यांना प्रश्न विचारा: "माझी मुलगी अनोळखी मुलांशी बोलत नाही हो, काय कराल?" ते तुमच्याकडे बघून उत्तर देतील, आणि तेच वापरा.

पायरी ५: एडिटिंग

पहिल्या तीन सेकंदांत लोगो नको, शिबिराचं नाव नको, उगवता सूर्य नको. माणूस दाखवा. माझ्या एका पंचाहत्तर सेकंदांच्या व्हिडिओची जुळणी नमुन्यादाखल देते:

० ते ५ सेकंद: ताई नाडी बांधते आहे, तिचा आवाज ऐकू येतो.
५ ते २०: हजेरी, गट पडतात, कोपऱ्यात उभ्या मुलाला दोघं हात धरून खेळात ओढतात.
२० ते ४०: गाठ मारायचा प्रयत्न, चूक, पुन्हा प्रयत्न. दादा उत्तर सांगत नाही, नुसता शेजारी बसलेला आहे.
४० ते ५५: ताई थेट पालकांशी बोलते. रात्री कोण जागं असतं, फोन कधी लावता येतो.
५५ ते ६८: शेकोटी, एका मुलाचं एक वाक्य.
६८ ते ७५: स्थिर पाटी. वयोगट, तारखा, निवासी की दिवसाचं, संपर्क क्रमांक.

तारीख आणि फी फक्त शेवटच्या पाटीवर घ्या, बोलण्यात कुठेही येऊ देऊ नका. पुढच्या वर्षी पाटी बदलली की बाकीचा व्हिडिओ तसाच चालतो. अर्थात त्यात दिसणारे ताई-दादा पुढच्या वर्षीही असतील तरच.

पडद्यावर अक्षरं द्याच. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही तेही पालक असतात. एका ओळीत पाच-सहा शब्द, पांढरी अक्षरं, काळी कड. उभ्या व्हिडिओत तळाशी आणि उजव्या कडेला ॲपची बटणं येतात, ती जागा मोकळी ठेवा.

लोकप्रिय गाणं लावायचा मोह टाळा. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखते, आणि मग व्हिडिओवर मालकीचा दावा लागतो किंवा तो बंदही होतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत वापरता येणारं संगीत आहे, तेही दबक्या आवाजात लावा. काही ठिकाणी संगीत पूर्ण थांबवून नुसता मुलांचा गलका ऐकू द्या. तेवढ्यात शिबिर जिवंत होतं.

एक पथ्य फार काटेकोरपणे पाळा. जे सगळ्यांना मिळणार नाही ते सगळ्यांना मिळेल असं दाखवू नका. भिंत चढणं बारा वर्षांवरच्यांसाठीच असेल तर त्या दृश्यावर तसं लिहा. आठ वर्षांचं मूल ते एक दृश्य मनात धरून येतं आणि पहिल्या दिवशी त्याला "तू अजून लहान आहेस" असं सांगावं लागतं. त्याचा उतरलेला चेहरा मी बघितला आहे, आणि चूक आमच्या व्हिडिओची होती.

कापाकापी झाली की व्हिडिओ शिबिराशी संबंध नसलेल्या दोन पालकांना दाखवा आणि बघून झाल्यावर फक्त एवढंच विचारा: "अजून काय विचारावंसं वाटतं?"

पायरी ६: कुठे, कधी, कसं टाकायचं

मुख्य व्हिडिओ यूट्यूबवर ठेवा आणि त्याची लिंक सगळीकडे द्या. व्हॉट्सॲपवर थेट पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन धूसर होतो, म्हणून लिंक किंवा एचडी पर्याय वापरा. यूट्यूबवर टाकताना 'हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का?' असा प्रश्न येतो. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना घेतल्याचं यूट्यूबवरचं प्रकरण अमेरिकी सरकारी यंत्रणेनं २०१९मध्ये १७ कोटी डॉलरच्या दंडावर मिटवलं, त्यानंतर २०२०च्या सुरुवातीपासून ही व्यवस्था आली. 'हो' म्हटलंत तर टिप्पण्या बंद होतात. पालकांशी बोलणारा व्हिडिओ आणि मुलांसाठीचा व्हिडिओ यांत फरक आहे, विचार करून प्रामाणिक उत्तर द्या.

शिबिर सुरू असताना ठिकाणाचं नाव घालून चित्रण टाकू नका. कोणती मुलं आत्ता कुठे आहेत हे जगाला सांगायचं काही कारण नाही. मोबाईलची लोकेशन नोंद बंद करा, मुलांची नावं लिहू नका, आणि टी-शर्टवर किंवा पिशवीवर नाव दिसत असेल तर ते दृश्य काढा किंवा धूसर करा.

मुख्य व्हिडिओ शिबिराच्या साधारण तीन महिने आधी बाहेर काढा, सुट्टीचे बेत ठरायच्या आत. सगळ्यांत आधी तो गेल्या वर्षीच्या कुटुंबांना पाठवा. त्यांनी चार जणांना पुढे पाठवला तर त्याचं वजन कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त असतं. मग दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ. पैसे देऊन जाहिरात करायची असेल तर मुलं जिथून येऊ शकतात तेवढ्याच परिसरापुरती करा.

पायरी ७: उपयोग झाला का?

चाळीस जागांच्या शिबिराला दहा हजार व्ह्यूज लागत नाहीत. बघायचं ते चौकशी किती आली, आणि कोणती आली. प्रत्येक फोनला दोन प्रश्न विचारून वहीत लिहा: "आमच्याबद्दल कुठे कळलं?" आणि "व्हिडिओतलं काय लक्षात राहिलं?" यूट्यूबच्या आकडेवारीत प्रेक्षक कोणत्या सेकंदाला सोडून गेले याचा आलेख मिळतो. तो उघडा आणि जिथे एकदम उतार आहे तिथे काय दाखवलंय ते बघा. आमचा उतार ड्रोनच्या दृश्यावर होता.

शिबिर संपल्यावर आठवड्याभरात सगळ्या क्लिप दोन ठिकाणी साठवा आणि फोल्डरला वर्ष, गट, उपक्रम अशी नावं द्या. संमती नसलेली मुलं दिसणाऱ्या क्लिप तेव्हाच पुसून टाका. संमतीपत्रांची यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवा, कुणाची मुदत कधी संपते याच्या नोंदीसह. मध्येच एखाद्या पालकाचा "आता नको" असा निरोप आला तर प्रकाशित व्हिडिओतूनही ते दृश्य काढा आणि कळवा की काढलं. पुढच्या वर्षी एडिटिंगला बसाल तेव्हा आधी ती यादी उघडा, मग क्लिप.